सहा डेसिबलचा आवाज आणि बावन्न गुणांचा त्रास

वाचकाचं पत्र:

«माझं वय ५३. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये २७ वर्षं जॉबरचं काम करतोय. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. गेले चौदा महिने दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा बारीक आवाज येतो, थांबत म्हणून नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, मळ नाही, पडदा चांगला आहे. श्रवणचाचणीत ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला उजव्या कानाचे आकडे १५, २०, ३०, ५५ आले आणि डाव्याचे १५, २०, २५, ५०. नंतर कानातला आवाज जुळवून पाहिला, तर तो ‘फक्त ६ डेसिबल’ निघाला. २५ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यात ५२ गुण पडले आणि खाली ‘मध्यम’ असा शेरा आला. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. पण रात्री दोन-दोन तास डोळ्याला डोळा लागत नाही, पहाटेचं वाचन सुटलं, शेडमध्ये फोनवरचं बोलणं कळत नाही. बायको म्हणते, सहा डेसिबलचं एवढं काय घेऊन बसलाय. माझा त्रास खरंच मध्यम आहे का? तो नीट मोजता येतो का? आणि त्याचा दाखला मिळतो का?»

नमस्कार.

बाहेर काही नसताना कानात येणाऱ्या या आवाजाला कर्णनाद म्हणतात, इंग्रजीत टिनिटस. आधी सहा डेसिबलचा हिशोब मिटवू, कारण घरातला वाद तिथेच अडलाय. आवाज जुळवताना ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) हेडफोनमधून वेगवेगळे सूर ऐकवतात आणि तुमच्या आवाजाच्या सर्वांत जवळचा सूर कोणता ते ठरवतात. मग तो सूर थोडा थोडा वाढवत ‘आता सारखे झाले का’ असं विचारतात. तुम्ही ‘हो’ म्हणता तिथला आकडा दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक यंत्रावरचा थेट आकडा. दुसरा, त्या सुराला तुम्हाला जेमतेम ऐकू यायला लागतं त्या पातळीच्या वर किती, तो. तुमचे सहा डेसिबल या दुसऱ्या तऱ्हेचे असणार. बारीक, किरकिरता आवाज बहुतेक वेळा जिथे श्रवण घसरलंय त्याच पट्ट्यात जुळतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ४००० हर्ट्झच्या आसपास. तिथे तुमच्या उजव्या कानाला ५५ डेसिबलपर्यंत काही ऐकूच येत नाही. त्यावर सहा चढवले की यंत्रातून आलेला सूर ६१ डेसिबलचा होता.

दुसरी गोष्ट कानाच्या आतली. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात राहिल्यावर आतल्या कानातल्या केसपेशी खराब होतात. अशा कानात ‘जेमतेम ऐकू आलं’ आणि ‘सहन होत नाही’ यांतलं अंतर आक्रसतं. निरोगी कानाला जेमतेमच्या वरचे सहा डेसिबल म्हणजे कुजबुज. खराब झालेल्या कानाला तेवढ्यातच आवाज चांगला ठसठशीत वाटू शकतो. म्हणूनच हा आकडा बहुतेक रुग्णांत लहानच येतो, दहा-पंधराच्या आत. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचाही तेवढाच, आणि ज्यांची झोप उडाली आहे त्यांचाही तेवढाच. जुळवलेली पातळी आणि जगण्यातला त्रास यांचा मेळ फार कमी बसतो. सूर जुळवण्याची चाचणी निरर्थक नाही. आवाज कुठल्या पट्ट्यात आहे ते कळतं, आणि आपल्याला ऐकू येतंय ते यंत्रावरही दाखवता आलं याचा अनेकांना धीर येतो. पण त्या आकड्यावरून ‘एवढं काय’ असं म्हणता येत नाही.

आता बावन्न गुणांचा कागद. वर्णनावरून ती टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी आहे, थोडक्यात टीएचआय. १९९६ साली अमेरिकेत न्यूमन, जेकबसन आणि स्पिट्झर यांनी ती तयार केली, आणि जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती हीच. २५ प्रश्न, ‘हो’ला ४, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला ०. बेरीज ० ते १००. बेरीज नेहमी समच येते, म्हणून पायऱ्याही तशाच पाडल्या आहेत: १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र, ७८ आणि त्यावर अतितीव्र. या पायऱ्या मूळ प्रश्नावलीबरोबर आलेल्या नाहीत. त्या २००१ साली ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या एका कार्यगटाने सुचवल्या. त्यांच्या वर्णनात मध्यम पायरी अशी आहे: आजूबाजूला आवाज असतानाही कर्णनाद जाणवतो, पण रोजची कामं करता येतात. झोप बिघडणं आणि शांत बसून करायची कामं अडणं हे त्यांनी पुढच्या, तीव्र पायरीत घातलंय.

तुमचे गुण मध्यम पायरीचे आणि लक्षणं पुढच्या पायरीची, असं का झालं? बावन्न म्हणजे उदाहरणार्थ नऊ ‘हो’, आठ ‘कधी कधी’ आणि आठ ‘नाही’. ‘कधी कधी’च्या तीन उत्तरांचं ‘हो’ झालं असतं तर बेरीज ५८ आणि शेरा ‘तीव्र’. तीन उत्तरांवर शेरा बदलतो, म्हणून त्या शब्दाला घट्ट धरून बसू नका. याहून मोठी अडचण ही की बेरजेत सगळे प्रश्न एकाच भावाने मोजले जातात. झोप लागायला त्रास होतो का, याच्या ‘हो’ला चार गुण. भयंकर आजार जडलाय असं वाटतं का, याच्या ‘हो’लाही चारच. तुमचं दुखणं एका जागी, झोपेत, गोळा झालं असेल आणि मन खंबीर असेल, तर बेरीज मधेच कुठेतरी थांबते.

कागद कसा भरला गेला यानेही गुण हलतात. खालच्यापैकी तुमच्या वेळी काय घडलं ते आठवून पाहा.

तो श्रवणचाचणीच्या आधी भरला की नंतर? ध्वनिरोधक खोलीत अर्धा तास बसून बाहेर आल्यावर कर्णनाद नेहमीपेक्षा ठळक वाटतो. १९५३ सालच्या हेलर आणि बर्गमन यांच्या प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना अशा खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज येत असल्याचं सांगितलं. म्हणून कागद नेहमी खोलीत शिरण्यापूर्वी भरावा.

प्रश्न कुणी वाचून दाखवले का? इंग्रजी कागद हातात घेऊन ऐनवेळी तोंडी मराठी केली की शब्द दर वेळी बदलतात. ‘त्रस्त’, ‘वैतागलेले’ आणि ‘निराश’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पुढच्या वेळी तीच मराठी, लिहिलेली, समोर हवी. तसं नसेल तर किमान त्याच माणसाने वाचून दाखवावं.

शेजारी कोण होतं? टीएचआयमध्ये ‘तुम्ही कर्णनादाबद्दल खूप तक्रार करता का’ आणि ‘घरच्यांशी, मित्रांशी असलेल्या नात्यावर ताण आला का’ अशा अर्थाचे प्रश्न आहेत. बायको बाजूला बसली असताना यांची उत्तरं देणं सोपं नाही. आणि सोसायची सवय असलेला माणूस तक्रारीच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. तक्रार नसते म्हणून नव्हे, तर ती बोलून दाखवत नाही म्हणून. कागद एकट्याने भरा.

आणि एक प्रश्न असा आहे की जो टिनिटसचा की बहिरेपणाचा हे भल्याभल्यांना वेगळं करता येत नाही: आवाजामुळे लोकांचं बोलणं ऐकायला अडचण येते का? तुमच्या फोनच्या तक्रारीत नेमकं हेच झालंय. तुमचं २००० हर्ट्झपर्यंतचं श्रवण ठीकठाक आहे आणि ४००० ला एकदम घसरलंय. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या पट्ट्यातून होते. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण शब्द निसटतात. माणूस दोष कानातल्या रातकिड्यांना देतो, कारण ते जाणवतात; न आलेलं व्यंजन जाणवत नाही. शिवाय शेडमध्ये माग चालू असताना फोन चांगल्या कानाच्या माणसालाही धड कळत नाही, तेव्हा ती जागा मोजमापातून काढूनच टाका. घरी, दूरदर्शन बंद असताना, फोनवर किती वेळा ‘काय? काय?’ करावं लागतं ते बघा. कर्णनादाचा त्रास आणि ऐकू न येण्याचा त्रास वेगळा करण्यासाठी टिनिटस अँड हिअरिंग सर्व्हे नावाची छोटी प्रश्नावली आहे. तिच्यात झोप, वाचनात लक्ष, निवांत बसणं, मनातून आवाज न जाणं हे चार प्रश्न एका गटात येतात. गर्दीत, टीव्हीवर, हळू बोलणाऱ्याचं आणि चारचौघांतलं बोलणं न कळणं हे चार दुसऱ्या गटात. प्रत्येकाला ० ते ४ गुण. कुठल्या गटाची बेरीज जड ते पाहिलं की पाच मिनिटांत दिशा कळते.

तुमच्यासाठी मात्र आमची पहिली निवड टिनिटस फंक्शनल इंडेक्स, टीएफआय. मेरी मीकल आणि सहकाऱ्यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि उपचाराने पडणारा फरक टिपता यावा हा तिचा हेतूच होता. इथेही २५ प्रश्नच आहेत, पण उत्तर तीन पर्यायांत नाही, ० ते १० या पट्टीवर द्यायचं असतं, आणि प्रत्येक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतो. प्रश्नांचे आठ गट आहेत: आवाजाची घुसखोरी, ताबा, एकाग्रता, झोप, ऐकणं, निवांतपणा, जगण्याची गुणवत्ता आणि भावना. जगण्याच्या गुणवत्तेचे चार प्रश्न, बाकी प्रत्येकी तीन.

गुण काढायची रीत सोपी. सगळ्या उत्तरांची बेरीज करा, जितक्या प्रश्नांना उत्तर दिलं तितक्याने भागा, दहाने गुणा. २५ पैकी निदान १९ उत्तरं हवीत, नाहीतर एकूण गुण धरू नयेत. गटाचे गुणही तसेच काढायचे. गटात एकापेक्षा जास्त प्रश्न सुटला असेल तर तो गट सोडून द्यायचा. समजा झोपेच्या तीन प्रश्नांना तुम्ही ८, ९, ८ दिलेत. बेरीज २५, भागिले ३, गुणिले १०, म्हणजे ८३. भावनेच्या तिघांना ३, २, ३ दिलेत तर २७. एकूण गुण भले पन्नासच्या घरात येवोत, या दोन आकड्यांवरून काम कुठे करायचं ते डॉक्टरांना लगेच दिसतं. टीएचआयचेही कामकाज, भावना आणि हतबलता असे तीन उपविभाग करतात, पण नंतरच्या संख्याशास्त्रीय तपासण्यांत ते एकमेकांपासून नीट सुटे झाले नाहीत. तिथे एकूण बेरीजच घ्यावी. झोपेसाठी वेगळा आकडा हवा तर टीएफआयकडे यावं लागतं. तिच्या एकूण गुणांबद्दल कर्त्यांनी ढोबळ कल्पना दिली आहे ती अशी: २५ च्या खाली तुलनेने सौम्य, २५ ते ५० लक्ष देण्याजोगा, ५० च्या वर नेटाने उपचार करण्याइतका.

टीएफआय भरताना दोन जागी हमखास चूक होते. पहिला आणि तिसरा प्रश्न टक्क्यांत आहेत: जागेपणीच्या वेळापैकी किती टक्के वेळ आवाजाची जाणीव होती, आणि किती टक्के वेळ त्याचा त्रास झाला. तिथे ७० टक्के लिहिलं असेल तर बेरजेत ७ धरायचे. ७० तसेच मिळवले की सगळा हिशोब फुगतो. दुसरी चूक ताब्याच्या गटात. तिथे ० म्हणजे पूर्ण ताबा आणि १० म्हणजे अजिबात ताबा नाही. ‘माझा पूर्ण ताबा आहे’ म्हणून सवयीने १० ला गोल करणारे पुष्कळ. टोकांना लिहिलेले शब्द वाचल्याशिवाय आकडा लावू नका.

तुमच्या कामामुळे एक खास पथ्य. प्रश्न गेल्या आठवड्याचे असल्याने रातपाळीचा आठवडा आणि दिवसपाळीचा आठवडा यांची तुलना करायची नाही. रातपाळीत झोप तशीही मोडते आणि तिचं खापर कर्णनादावर फुटतं. दिवसपाळीचा आठवडा संपला की त्या रविवारी कागद भरा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दिवसपाळीच्याच आठवड्यानंतर. सर्दीने कान दडपलेले असतील, घरात लग्नकार्य असेल किंवा दिवाळीचे फटाके चालू असतील, तर तो आठवडा टाळा.

प्रश्नावलीच्या जोडीला वही ठेवा, पण फक्त चौदा दिवस. रात्री जेवणानंतर एकच ओळ: आज जागेपणीचा किती टक्के वेळ आवाज जाणवला, तो किती मोठा वाटला (० ते १०), त्याचा किती त्रास झाला (० ते १०), शेडमध्ये किती तास होतो, कानाला संरक्षण होतं का. मोठेपणा आणि त्रास हे आकडे वेगळे लिहायला आम्ही मुद्दाम सांगतोय. बरं वाटायला लागतं तेव्हा आधी त्रास उतरतो. आवाजाचा आकडा कित्येकदा तिथेच राहतो. एकच आकडा लिहिणारा माणूस हा बदल चुकवतो आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून उपचार सोडतो. दिवसभर तासातासाला नोंद करू नका. मोबाइलवरची अशी काही ॲप सारखी घंटा वाजवून विचारत राहतात. ज्या आवाजाकडे दुर्लक्ष व्हायला हवं त्याच्याकडेच ती लक्ष ओढतात. चौदा दिवस झाले की वही मिटा, सरासरी काढा (दोन पाळ्यांची वेगळी) आणि पुढचे तीन महिने तिला हात लावू नका.

सकाळी उठल्यावर झोपेची एक ओळ. अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, मधे किती वेळ जागा होतो, कधी उठलो. घड्याळ बघत बसू नका, अंदाज पुरतो. साडेदहाला पडलात आणि सहाला उठलात तर अंथरुणातला वेळ ४५० मिनिटं. झोप लागायला दोन तास गेले आणि मधे पंधरा मिनिटं जाग आली तर प्रत्यक्ष झोप ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ४५०, म्हणजे ७० टक्के. साधारण ८५ टक्क्यांच्या वर झोप चांगली धरतात. तुमचा असा आकडा डॉक्टरांपुढे ठेवलात तर ‘झोप लागत नाही’ या वाक्याला जे वजन येत नाही ते येईल.

याशिवाय तीन कामं निवडा, जी कर्णनादाने हिरावून घेतली आहेत, आणि ती मोजता येतील अशी लिहा. ‘वाचन सुधारणे’ असं नको. ‘दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे वीस मिनिटं वाचायला बसणे, सहापैकी किती दिवस जमलं’ असं हवं. आज उत्तर शून्य असेल. तीन महिन्यांनी चार झालं तर ती सुधारणा आहे, मग टीएफआय काहीही म्हणो. आम्हाला विचाराल तर या तीन ओळी कुठल्याही प्रश्नावलीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण त्या तुमच्या आहेत.

मनाचं मोजमापही एकदा करून घ्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या छोट्या प्रश्नावल्या आहेत. पहिलीत ० ते २७ आणि दुसरीत ० ते २१ गुण. कुठल्याही एकीत १० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करावी असं मानतात. कर्णनाद आणि नैराश्य एकमेकांना खतपाणी घालतात, आणि नैराश्याचे गुण जास्त असतील तर टीएचआयची बेरीजही त्याच्यामुळे चढते. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

किती फरक पडला म्हणजे खरा धरायचा? टीएफआयमध्ये १३ गुण. त्यापेक्षा कमी बदल हा आठवड्याआठवड्यातला चढउतार असू शकतो. टीएचआय एकाच माणसावर पुन्हा घेतली तर २० गुणांची घट झाली म्हणजे ती नक्की उपचाराची, असं तिच्या कर्त्यांचंच म्हणणं. रुग्णांच्या गटाची सरासरी तपासताना संशोधक ७ गुणही पुरेसे मानतात. तुमच्या बावन्नाचे पुढच्या वेळी ४८ झाले तर खूश होऊ नका आणि ५६ झाले तर घाबरू नका.

मोजमापानंतर करायचं काय? पत्रावरून दोन जागा स्पष्ट दिसतात, झोप आणि ऐकणं.

झोपेसाठी रात्री खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा किंवा पावसाचा, पाण्याचा सलग आवाज लावा. तोही कर्णनादाला बुडवण्याइतका मोठा नको, त्याच्या किंचित खाली, म्हणजे दोन्ही ऐकू येतील असा. स्पीकर खोलीत दूर ठेवा, कानात इअरफोन घालून झोपू नका. झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी उठून दुसऱ्या जागी बसा आणि डोळे जड झाले की परत या. रोज उठायची वेळ मात्र तीच. आणि कर्णनादासाठीची संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धत, जिला सगळे सीबीटी म्हणतात, ती मानसशास्त्रज्ञाकडे मिळते का ते विचारा. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत सीबीटी घेतलेल्यांचे टीएचआय गुण सरासरी ११ ने कमी आढळले. आवाज त्याने कमी होत नाही, त्रास होतो. वहीत दोन आकडे वेगळे लिहायचे ते यासाठीच. झोपेच्या गोळ्या किंवा गिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या कुणी सुचवल्या तर थांबा. अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत चिंताशामक औषधं, गिंको, मेलाटोनिन आणि झिंक कर्णनादासाठी देऊ नयेत असंच म्हटलंय.

ऐकण्यासाठी श्रवणयंत्राची चाचणी घ्या. त्याच सूचनांत श्रवण कमी असलेल्या आणि कर्णनादाचा त्रास होणाऱ्या रुग्णांना यंत्राची शिफारस आहे. तुमचा खालचा पट्टा चांगला असल्याने कान पूर्ण बंद करणारा साचा नको. त्याने बाहेरचे नैसर्गिक आवाज अडतात, स्वतःचा आवाज कानात घुमतो आणि कर्णनाद उलट उठून दिसतो. कानात बारीक तार आणि हवा खेळती ठेवणारा डोम (मऊ, भोकं असलेलं टोपण) असलेलं यंत्र मागा, आणि कानात प्रोब मायक्रोफोन (बारीक नळीचा मायक्रोफोन) घालून ४००० हर्ट्झला वाढ खरोखर पोहोचते का ते तपासून घ्या. नुसतं ‘बरं वाटतंय ना?’ विचारून यंत्र हातात दिलं तर बहुतेक वेळा हाच पट्टा उपाशी राहतो. ते घरी दिवसभर वापरायचं. शेडमध्ये काढून ठेवायचं आणि इअरमफ लावायचे. भारतात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात आणि साध्या मागांची शेड ती सहज ओलांडते. मात्र घरी, बाजारात कानात बोळे घालून फिरू नका. शांततेत कर्णनाद वाढल्यासारखा वाटतो आणि साधे आवाजही बोचायला लागतात.

काही बदल झाले तर मोजमाप बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं. एका कानाला एकदोन दिवसांत अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडायला लागला, एकाच कानात राहिला, चक्कर सुरू झाली किंवा चेहरा वाकडा झाला, तरीही. तुमचा आवाज दोन्ही कानांत आहे आणि दोन्ही कानांचे आकडे पाच डेसिबलच्या अंतरात आहेत, त्यामुळे आज एमआरआयची घाई करायचं कारण दिसत नाही.

दाखल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णनाद हा स्वतंत्र प्रकार नाही. श्रवणदोषासाठी दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० डेसिबल किंवा अधिक घट लागते. तुमच्या उजव्या कानाची चार आकड्यांची सरासरी ३० येते, डाव्याची २७.५. टीएचआय किंवा टीएफआयचे गुण तिथे धरले जात नाहीत. तरी श्रवणचाचणीच्या मूळ प्रती तारखेसह जपून ठेवा आणि दरवर्षी एकदा चाचणी करा. पुढे श्रवण आणखी घसरलं तर आधीच्या प्रती हाच पुरावा असतो.

ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना ते विचारा. जवळपास टीएफआय घेणारं कुणी नसेल, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् श्रवण संस्था आहे. वर्षातून एकदा तिकडे जाऊन सगळी मापं एकत्र करून घेता येतील. पुढच्या भेटीला चार कागद न्या: श्रवणचाचणी, टीएफआयचे आठ गटांचे आकडे, चौदा दिवसांची सरासरी आणि तीन कामांची ओळ. ‘सवय होईल’ हे वाक्य चुकीचं नाही, बऱ्याच जणांना सवय होते. पण चौदा महिने झाल्यावर आणि झोप इतकी मोडलेली असताना, ती कशी होणार याची योजना मागायचा तुम्हाला हक्क आहे.

त्या भेटीला बायकोला बरोबर घेऊन जा, फक्त प्रश्नावली भरताना त्या बाहेर बसू देत. ५५ आणि ६ ची बेरीज ऑडिओलॉजिस्टच्या तोंडून ऐकली की घरातला वाद तिथेच मिटण्याची शक्यता जास्त. त्यांना एक काम मात्र जरूर द्या. रात्रीचा पंखा किंवा पाण्याचा आवाज त्यांनाही झोपू देईल इतपतच आहे ना, ते त्यांनी ठरवायचं. आणि रोज सकाळी ‘आज आवाज कसा आहे?’ हे मायेने विचारणंही त्यांनी तीन महिने थांबवायचं.